नजर, करणी, मोहिनी: खानदेशात हे शब्द गोळा करायचे तर कसे करावेत

हा लेख तिघांसाठी आहे. बोलीवर प्रकल्प करणारी एम.ए.ची पोरं, धुळे-जळगाव-नंदुरबारला नव्याने बदलून आलेले शिक्षक किंवा आरोग्यसेवक, आणि इंग्रजीतल्या 'चार्म', 'स्पेल', 'एन्चांटमेंट'पाशी अडकलेले अनुवादक. तिघांची अडचण एकच. भुरळ, मोहिनी, करणी, चेटूक, नजर, उतारा हे शब्द सगळ्यांना माहीत असतात, पण नेमका अर्थ लिहायला बसलं की पेन थांबतं. त्यातून खानदेशात बोली दर वीस कोसांवर बदलते आणि हे शब्द परक्या माणसासमोर कोणी सहज बोलत नाही.

मी या भागात असा शब्दसंग्रह केला आहे. त्यातून जी पद्धत हाताशी आली ती खाली पायरीपायरीने देतो. या गोष्टी खऱ्या की खोट्या यावर इथे वाद नाही. करणीने कोणी मरत नाही हे मला मान्यच आहे. पण 'करणी' या शब्दाने गावात माणसं तुटतात, कधी मारली जातात. म्हणून अर्थ नीट कळायला हवा.

लागणारं सामान आणि कागदपत्रं

- दोन वह्या. एक खिशातली, जागेवर टिपायला. दुसरी घरी, स्वच्छ उतरवायला.
- मोबाईलमधला रेकॉर्डर. आधी विचारून, समोर ठेवून वापरायचा. खिशात लपवून कधीच नाही.
- महाविद्यालयाचं किंवा शाळेचं पत्र, शिक्क्यासह. सरपंच आणि पोलीस पाटील यांना आधी दाखवून ठेवा.
- साध्या मराठीतलं एका पानाचं संमतीपत्र. लिहिता न येणाऱ्यांना ते वाचून दाखवायचं आणि तोंडी होकार रेकॉर्ड करायचा.
- नोंदींसाठी चिठ्ठ्या किंवा एक्सेलचा तक्ता, युनिकोड देवनागरीत. जुन्या फॉन्टात टाइप केलेलं पुढे कोणाच्या कामाला येत नाही.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश (1857ची दुसरी आवृत्ती) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. दोन्ही इंटरनेटवर फुकट शोधता येतात.
- बोलीभाषा घरची असलेला एक सोबती. पगारी नसला तरी चालेल, पण गावचा हवा.

## 1. आधी बोलींचा नकाशा डोक्यात बसवा

'खानदेशी भाषा' म्हणजे अहिराणी असं बाहेरचा माणूस धरून चालतो. धुळे, साक्री, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या पट्ट्यात ते बरंचसं खरंही आहे. अहिराणी नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण-मालेगावातही तेवढीच चालते. पण यावल, रावेर, भुसावळकडे गेलात की लेवा बोली लागते. बहिणाबाई चौधरींच्या ओव्यांमुळे तिचा कान महाराष्ट्राला थोडाफार आहे. शहादा-तळोद्याकडे गुजरी, नवापूरकडे मावची, सातपुड्यात भिली आणि पावरी. म्हणून प्रत्येक शब्दापुढे गाव आणि बोली लिहा. 'खानदेशात असं म्हणतात' या वाक्याला किंमत नाही.

उच्चाराची एक खूण सुरुवातीलाच शिकून घ्या. अहिराणीत आणि लेवा बोलीत 'ळ'चा बहुतेकदा 'य' होतो: डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, जळगाव म्हणजे जयगाव. 'ण'चा 'न' होतो. ऐकलं तसंच लिहा. 'काया दोरा' ऐकून 'काळा दोरा' लिहिलात तर तुमची नोंद पुण्याची झाली. प्रमाण रूप पुढच्या रकान्यात द्यायला जागा आहेच.

## 2. नाम लिहू नका, क्रियापदासकट लिहा

पूर्ण लेखातलं एकच काही लक्षात राहणार असेल तर हे राहू द्या. मराठीत जादूच्या शब्दांचा अर्थ नामात नसतो, त्याच्या शेजारच्या क्रियापदात असतो.

'गंडा' घ्या. गंडा बांधला म्हणजे मंतरलेला दोरा मनगटाला किंवा दंडाला बांधला. गंडा घातला म्हणजे पैशाला फसवलं. गवयाच्या घरी गंडा बांधला म्हणजे गुरूने शिष्य केला. नुसतं 'गंडा' लिहून आलात तर यातलं काहीच हाती लागलं नाही.

'मूठ' आणखी मजेशीर आहे. मृगाच्या सुमारास शेतकरी म्हणाला, 'चाड्यावर मूठ धरली', तर पेरणी सुरू झाली. तोच माणूस आवाज खाली आणून म्हणाला, 'त्याच्यावर मूठ मारली', तर कोणीतरी दुरून घातक मंत्र टाकला असा त्याचा समज आहे. 'करणी'चंही तसंच. गवंड्याच्या हातात करणी असते, माणसाची करणी चांगली-वाईट असते, आणि 'करणी केली' म्हटलं की सासरचे-माहेरचे एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

'उतारा' तर थेट गोंधळ उडवतो. गावात नवा माणूस जाऊन 'उतारा कुठे मिळेल?' असं विचारेल तर लोक त्याला तलाठ्याकडे पाठवतील, सातबाऱ्यासाठी. 'उतारा टाकणं' म्हणजे भात, लिंबू, अंडं, कुंकू असं काहीतरी आजाऱ्यावरून ओवाळून तिठ्यावर ठेवणं. 'उतार पडणं' म्हणजे ताप उतरणं. शाळेत 'उतारा वाचणं' आहेच.

'नजर' तर लागते, पडते, काढतात, उतरवतात, ठेवतात, चुकवतात. यातल्या लागणं, काढणं आणि उतरवणं या तिघांचाच आपल्या विषयाशी संबंध. 'नजर ठेवली' म्हणजे पाळत. 'नजरबंदी' म्हणजे जादूगाराने बघणाऱ्याच्या डोळ्यांवर घातलेली भूल. पेपरात येते ती नजरकैद वेगळी.

'मंत्र' देतात (गुरू), म्हणतात (भटजी), मारतात किंवा टाकतात (वैरी), फुंकतात (विंचू उतरवणारा). 'कानमंत्र' दिला म्हणजे खासगीत सल्ला दिला. खरं तर मंत्र म्हणजे मुळात विचार, मसलत. मंत्री आणि मंत्रालय तिथूनच आले, तेव्हा मंत्रालयात जादू होत नाही म्हणून रागावण्यात अर्थ नाही.

वहीत प्रत्येक शब्दाखाली चार ओळी मोकळ्या सोडा आणि तो कोणकोणत्या क्रियापदाबरोबर ऐकू येतो ते भरत जा. शब्द कमी झाले तरी चालतील, ओळी भरायला हव्यात.

## 3. गोड शब्द वेगळे काढा

मोहिनी, भुरळ, गारुड, भारलेला, मोहक, लाघवी हे सगळे एके काळी मंत्राच्याच घरातले. आज ते कौतुकाला वापरतात. 'मोह' म्हणजे मूळ संस्कृतात गोंधळ, बुद्धी झाकोळणं. 'गारुड' हा गरुडाचा शब्द. सापाचा वैरी म्हणून विष उतरवण्याच्या विद्येला ते नाव, आणि तिथून साप खेळवणारा गारुडी. आता निवडणुकीच्या बातमीत एखादा पुढारी सभेवर गारुड करतो.

'भूल' पूर्ण सुधारली. रानात भूल पडते, ओळखीच्या शेतात माणूस रात्रभर गोल फिरतो (त्यालाच चकवा लागला म्हणतात). आणि जिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ भूल देतो. एखादी आजी ऑपरेशनला जाताना 'भूल देनार' ऐकून घाबरली तर तिला हसू नका, तिच्या मनात भुलीचा जुना अर्थ आहे.

'गालबोट'ची गोष्ट उलटी. बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका देतात तो नजर लागू नये म्हणून, म्हणजे रक्षणासाठी. पण 'कार्यक्रमाला गालबोट लागलं' म्हणजे विघ्न आलं, डाग लागला. दोन्ही अर्थ लिहा, आणि कुठला आधीचा हे अंदाजाने ठरवू नका.

## 4. केव्हा आणि कसं विचारायचं

'तुमच्याकडे जादूटोणा चालतो का?' हा प्रश्न बाद. त्याचं उत्तर 'नाही' असंच येतं, आणि त्या घरात पुढचा चहाही येत नाही.

सुरुवात लेकरापासून करा. दृष्ट काढणं प्रत्येक घरात होतं, त्यात लाज नाही आणि आरोपही नाही. बाईमाणसाला 'मावशी', 'आक्का', वयाने मोठी असेल तर 'मोठमाय'. बाप्याला 'जिभाऊ', 'नाना', 'आप्पा'. अहिराणी बोलणारी म्हातारी माणसं तुम्हाला सरळ 'तू' म्हणतील. तो आपलेपणा असतो. मग विचारा: 'मावशी, पोऱ्याले नजर लागनी तर काय करतस?'

मग बघत राहा. उजव्या मुठीत मीठ, मोहरी आणि देठासकट लाल मिरच्या. मूल मांडीवर किंवा उंबऱ्याकडे तोंड करून बसवलेलं. मूठ डोक्यापासून पायापर्यंत, तोंडाने पुटपुटणं चालू: आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, शेजारणीची. मग ते सगळं चुलीत. घरात गॅस आला असेल तर तव्यावर, किंवा अंगणात गोवरीच्या निखाऱ्यावर. मिरच्यांचा ठसका लागला नाही तर 'पाय, किती नजर व्हती!' असं म्हणायचं; लागला तर नजर नव्हतीच. तिखट मिरची जळून ठसका का लागत नाही हे मला कधी कळलं नाही, पण वाक्य टिपून घ्या, कारण त्या वाक्यात 'नजर' ही मोजता येणारी वस्तू आहे. 'किती', 'मोठी', 'जबर', 'उतरनी'. शब्दकोशात हे सापडणार नाही.

पुटपुटलेले शब्द सांगायला बाई तयार नसतील तर आग्रह नको. काहींचा समज असतो की बोलून दाखवलं की गुण जातो. 'सांगायचं नसतं' हीसुद्धा नोंदच आहे, तशी लिहा.

वेळही सांभाळा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर असतात, तेव्हा गप्पा रंगतात. श्रावणात कानबाई या देवीच्या रोटाच्या सणात घर माणसांनी भरलेलं असतं. प्रश्न विचारू नका, नुसते बसा आणि ऐका. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी कोणालाच वेळ नसतो. घरात आजारी माणूस असेल किंवा नुकतं कोणी गेलं असेल तर हा विषय काढायचाच नाही.

वस्तूही बघा. जळगावच्या सराफ बाजारात चांदीचे ताईत आणि काळ्या मण्यांच्या मनगट्या मिळतात. सावदा-रावेरहून केळी भरून निघालेल्या ट्रकला मागे काळी बाहुली किंवा जुनी चप्पल टांगलेली असते. नव्या ट्रॅक्टरला लिंबू-मिरची. प्रत्येक वस्तूचं नाव, ती कोण बांधतं, कुठल्या वारी बदलतात, हे विचारायला सोपं आणि सांगायला कोणाला संकोच नसलेलं. 'ताईत' अरबी 'तावीज'वरून आला, 'नजर' अरबी, 'जादू' फारसी. रक्षणाच्या वस्तू हिंदू घरात आणि मुसलमान घरात बऱ्याचदा सारख्याच सापडतात, म्हणून दोन्हीकडे विचारा.

## 5. 'भगत' ऐकताच नाक मुरडू नका

नव्या माणसाचा हमखास चुकणारा शब्द हा. शहरात 'भगत' म्हटलं की बुवाबाजी आठवते. खानदेशात जत्रेला बारागाड्या ओढतात त्या ओढणाराही भगतच. एकाला एक जोडलेल्या बैलगाड्या, त्यांवर माणसं दाटीने बसलेली, पुढे हळद लागलेला भगत आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणारे बगले. त्या भगताचा मान गावात वर्षभर असतो. तो कोणाची करणी काढत असेलच असं नाही. शेती करणारा साधा माणूस असतो. सातपुड्यात भगत आणखी वेगळा: जडीबुटी देणारा, देव बसवणारा, सणाचे दिवस ठरवणारा.

म्हणून नोंदीत 'भगत = मांत्रिक' असं समीकरण टाकू नका. कुठला भगत, कुठल्या देवाचा, काय करतो, ते लिहा. मांत्रिक, देवऋषी, जाणता, पंचाक्षरी हे शब्दही एकमेकांचे जुळे भाऊ नाहीत. 'जाणता' हा बहुतेकदा आदराने म्हणतात, 'मांत्रिक' बहुतेकदा बाहेरचे लोक आणि पोलीस म्हणतात. कोण कोणाला काय म्हणतं यावरून बोलणाऱ्याची बाजू कळते.

अंगात येणं, वारं येणं आणि बाहेरचं लागणं यांतही असाच फरक. 'आंगमा देव येस' ही मानाची गोष्ट. 'बाहेरनं लागनं' हे दुखणं. दोन्हींना 'झपाटणं' लिहिलंत तर वाचणारी बाई तुमच्या नोंदीवर फुली मारेल, आणि बरोबरच करेल.

## 6. आडून बोललेले शब्द ओळखा

भीती वाटते त्या गोष्टीचं नाव घ्यायचं नाही, हा नियम. म्हणून रात्री सापाला साप म्हणत नाहीत. जनावर किंवा लांबडं म्हणतात. 'पान लागलं' म्हणजे साप चावला. नवा आरोग्यसेवक हे ऐकून खाजकुईलीचा औषधोपचार करायला निघाला तर जीव जाईल. कांजिण्या निघाल्या की 'माता आली'. 'बाहेरचं', 'वरचं', 'त्यांचं' या शब्दांमागे भूत असतं. 'कोनी काहीतरी करी टाकं' या अर्धवट वाक्यात पूर्ण करणी असते. विहिरीवरच्या, नदीवरच्या 'आसरा' म्हणजे अप्सरा. त्यांचं नाव घेतानाही हात जोडतात, कारण त्या प्रसन्न होतात आणि धरतातही.

आडून बोललेल्या शब्दांची वेगळी यादी करा. आरोग्यसेवकाला ती बाकीच्या संग्रहापेक्षा जास्त कामाची आहे.

## 7. 'डाकीण' हा शब्द गोळा करायचा नाही, सांभाळायचा

सातपुड्याच्या भागात, विशेषतः नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ तालुक्यांत, एखाद्या बाईला डाकीण ठरवून छळण्याची प्रथा आहे. मारहाण होते, गावातून हाकलतात, खूनही झाले आहेत. बहुतेकदा बाई एकटी असते, विधवा असते, किंवा तिच्या नावावर जमीन असते. त्या जमिनीकडे कोणाचं लक्ष आहे हे पाहिलं की पुष्कळ 'जादू' उलगडते.

इथले नियम कडक ठेवा:

- 'तुमच्या गावात डाकीण कोण?' असा प्रश्न कुठल्याही रूपात विचारायचा नाही. तुमच्या प्रश्नानेच नाव तयार होतं.
- कोणी आपणहून नाव घेतलं तर रेकॉर्डिंग थांबवा. नाव वहीत, फोनमध्ये, कुठेही लिहू नका.
- शब्दाची नोंद घेताना गावाचं नावही गाळा, तालुका पुरे.
- प्रत्यक्ष धमकी, बैठक, मारहाण यांचा सुगावा लागला तर संग्रह बाजूला. 112 ला फोन करा. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते या प्रश्नावर काम करतात, त्यांना कळवा.
- साप-विंचू चावलेल्या माणसाला मंत्राने विष उतरवायला नेत असतील तर टिपत बसू नका. 108ची गाडी बोलवा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चारही विषारी सापांवर चालणारं प्रतिविषाचं इंजेक्शन सरकारी रुग्णालयात असतं.

## 8. कायद्याची भाषा वाचून ठेवा

महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध व त्यांचे समूळ उच्चाटन करण्याबाबतचा कायदा 2013चा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड 5,000 ते 50,000 रुपये, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

आपल्या कामाचं म्हणजे त्याची अनुसूची. करणी, भानामती, चेटूक, गंडेदोरे असे घरगुती शब्द तिथे कायद्याच्या चौकटीत बसवलेले दिसतात. कोणाला करणी केल्याचं सांगून छळणं, साप-कुत्रा-विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचार रोखून मंत्रतंत्र करणं, हे तिथे गुन्हे आहेत. आईने घरच्या घरी मीठ-मोहरीने दृष्ट काढली तर ती गुन्हेगार होत नाही, हे गावात समजावून सांगायची वेळ येते. 'आता नजर काढायलाबी बंदी व्हयनी' अशी समजूत बऱ्याच ठिकाणी ऐकू येते, आणि त्या भीतीने बायका बोलायच्या थांबतात.

एक गंमत जाता जाता. तंत्राच्या ग्रंथांत सहा कर्मं सांगतात: शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन, मारण. उच्चाटन म्हणजे मंत्राने माणसाला त्याच्या जागेवरून उठवून लावणं. जादूटोणा संपवणाऱ्या कायद्याच्या नावातच एक तांत्रिक कर्म बसलेलं आहे. यातलं 'वशीकरण' मात्र अजून धंद्यात आहे. विजेच्या खांबांवर आणि बसस्टँडच्या भिंतींवर त्याची पत्रकं चिकटवलेली असतात. त्या पत्रकांचे फोटो काढा, मजकूर उतरवा, मोबाईल नंबर मात्र झाका.

## 9. 'चार्म'चं मराठी करताना

अनुवादकांसाठी ही पायरी. बाकीच्यांनी ओलांडली तरी चालेल.

इंग्रजी 'चार्म' लॅटिन 'कार्मेन'वरून, फ्रेंचमार्गे आला. कार्मेन म्हणजे गाणं, आणि म्हटलेला मंत्रही. 'एन्चांट'मध्येही गाणंच आहे: कोणावर तरी गाऊन टाकणं. 'स्पेल' म्हणजे पूर्वी नुसतं बोलणं. 'फॅसिनेट' हा मूळचा आपल्या 'नजर लावणं'च्या जवळचा. लॅटिनमध्ये त्या क्रियापदाचा अर्थ वाईट नजरेने बाधा करणं असाही होता. 'ग्लॅमर' तर स्कॉटिश लोकांनी 'ग्रामर'चा बिघडवून केलेला शब्द: व्याकरण शिकलेला माणूस काहीतरी मंत्रतंत्र जाणतोच, ही समजूत. आपल्याकडे पोथी वाचणाऱ्याकडे गाव असंच बघायचं.

मग मराठीत काय लिहावं? संदर्भ बघून:

- म्हणायचा चार्म: मंत्र.
- गळ्यात घालायचा चार्म: ताईत. दोरा असेल तर गंडा.
- माणसातला चार्म: मोहिनी, गोडवा, लाघव. 'त्याच्यात चार्म आहे' हे आता मराठीच झालं आहे, तसंच ठेवलं तरी कोणी हसत नाही.
- साप खेळवणारा चार्मर: गारुडी.
- उपाय चार्मसारखा लागू पडला: रामबाण ठरला. 'मंत्रासारखा लागू पडला' लिहू नका, कानाला खटकतं.
- भौतिकशास्त्रातला चार्म क्वार्क: चार्म क्वार्कच. 1974 साली तो असल्याचा पुरावा मिळाला. त्याला 'मोहिनी क्वार्क' करायची हौस आवरा.

'एन्चांटेड' जंगल परीकथेत असेल तर 'जादूचं', कवितेत असेल तर 'भारलेलं'. 'मंतरलेलं' जपून वापरा. मराठी वाचकाला ते गोड लागतं, पण गोष्टीत जंगल खरोखर धोक्याचं असेल तर तो धोकाच निघून जातो. तिथे 'भुलीचं रान' बघा.

## 10. शब्दकोशाशी ताडून बघा, पण शेवटी

क्रम उलटा करू नका. आधी कोश वाचून गेलात तर माणसाच्या तोंडात तुम्हीच शब्द घालता, आणि तो भल्या मनाने 'हो हो' म्हणतो.

मोल्सवर्थ दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे, त्यामुळे आज मेलेले अर्थ तिथे जिवंत दिसतात. ते तुमच्या गावात चालतात असं समजू नका. दाते-कर्व्यांच्या कोशात वाक्प्रचार भरपूर आहेत. क्रियापदांच्या ओळी तिथे ताडून बघा. अहिराणी रूप कोशात सापडलं नाही म्हणजे ते 'चूक' असं नाही. व्युत्पत्ती लिहायची तर कृ. पां. कुलकर्णींच्या व्युत्पत्तिकोशाचा (1946) आधार घ्या, स्वतः जुळवू नका. कानाला सारखा लागतो म्हणून शब्द नातेवाईक होत नाही.

जुन्या हस्तलिखितांत डोकवायचं असेल तर धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, 1927पासूनचं. जाताना पत्र न्या.

## 11. एक नोंद कशी दिसावी

नमुना देतो. याहून सजवू नका.

भूल (स्त्री.)
बोली, गाव, तालुका: अहिराणी, (गावाचं नाव), साक्री.
ऐकलेलं रूप: भूल पडनी, भूल दिन्ही.
अर्थ 1: ओळखीच्या वाटेवर दिशा हरवणे. 'रातले खयामा भूल पडनी' (खळ्यात).
अर्थ 2: ऑपरेशनपूर्वी शुद्ध हरपवणे.
कोण म्हणतं: पहिला अर्थ, वयस्क शेतकरी. दुसरा, सगळेच.
स्वर: पहिल्यात भीती, थोडी थट्टाही. दुसऱ्यात म्हाताऱ्यांना धास्ती.
शेजारी शब्द: चकवा, भुरळ.
टीप: 'भूलचूक'मधली भूल वेगळी ठेवावी; तिथे जादू नाही.

'स्वर' हा रकाना कोणत्याही छापील नमुन्यात नसतो, तो तुम्ही घाला. करणी हा शब्द एक बाई रडत म्हणते आणि एक बाई हसत म्हणते, तेव्हा तो एकच शब्द राहत नाही.

## 12. यादी परत गावात न्या

नोंदी झाल्या की त्या छापून, मोठ्या अक्षरात, ज्यांनी सांगितल्या त्यांना वाचून दाखवा. दुपारी जेवणानंतर ओट्यावर बसा. दोन गोष्टी घडतील. एक, माणसं चुका काढतील: 'असं नई म्हनतस, आमनाकडे असं म्हनतस.' तो बदल तारखेसह करा. दुसरी, तुम्ही महिनोन्‌महिने विचारूनही न सांगितलेले शब्द आपोआप बाहेर येतील, कारण आता शेजारणीचा शब्द छापून आला आणि आपला राहिला.

कोणाला स्वतःचं वाक्य काढून टाकायचं असेल तर समोरच खोडा. एक प्रत शाळेत ठेवा, एक ग्रामपंचायतीत, आणि ज्या मावशीने पहिली दृष्ट काढून दाखवली तिच्या घरी एक, जरी तिला वाचता येत नसलं तरी. तिची नात वाचते.